मुलांचा मलेरिया: ताप उतरवायचा आणि प्रसारही तोडायचा

फॅल्सिपेरम (मलेरियाच्या जंतूची एक जात) मलेरिया झालेल्या मुलाला तीन दिवस नीट औषध दिलं, ताप उतरला, मूल खाऊ-खेळू लागलं. तरी पुढचा आठवडा-दोन आठवडे त्याला चावणारा ॲनोफिलीस डास जंतू उचलून नेऊ शकतो. ताप आणणारं जंतूचं रूप वेगळं, डासात जाऊन वाढणारं रूप वेगळं, आणि नेहमीच्या औषधांनी दोन्ही सारखी मरत नाहीत. उपचार करताना ही दोन कामं सुटी सुटी डोळ्यांसमोर ठेवली, की कोणतं औषध कशासाठी आणि केव्हा द्यायचं हे घोटाळ्याविना ठरवता येतं.

हे मार्गदर्शन मुलांवर उपचार करणाऱ्या डॉक्टर, परिचारिका आणि आरोग्य कार्यकर्त्यांसाठी आहे. पालकांनी जरूर वाचावं, पण डोस स्वतः ठरवू नयेत. इथले डोस जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांना धरून आहेत. तुमच्या देशाच्या मलेरिया कार्यक्रमाने वेगळं औषध निवडलं असेल, तर तेच वापरायचं.

आधी चाचणी, मग वजनकाटा

ताप दिसला की औषध, ही सवय मोडा. जलद चाचणी (आरडीटी) किंवा रक्ताची काचपट्टी, दोन्हींपैकी एक झाल्याशिवाय उपचार सुरू करायचा नाही. अपवाद एकच: मूल गंभीर आहे आणि चाचणी लगेच होण्यासारखी नाही.

आरडीटीच्या दोन मर्यादा पक्क्या लक्षात ठेवा. फॅल्सिपेरमसाठीच्या बहुतेक किट एचआरपी-२ हे प्रथिन पकडतात. जंतू मेल्यावरही ते काही आठवडे रक्तात राहतं, म्हणून नुकत्याच बऱ्या झालेल्या मुलाची किट पॉझिटिव्हच येते. उलट, काही प्रदेशांतल्या फॅल्सिपेरममध्ये हे प्रथिन बनवणारं जनुकच गळालेलं असतं. तिथे रक्तात भरपूर जंतू असूनही किट निगेटिव्ह येते. लक्षणं मलेरियाची आणि किट निगेटिव्ह, असं झालं तर काचपट्टी करा. काचपट्टीतून जात आणि जंतूंची घनता दोन्ही कळतात, आणि मूल पुन्हा दाखवायला आलं तर तुलनेला आकडा हाताशी असतो.

जात कळणं इथे फार मोलाचं. फॅल्सिपेरम आणि व्हायव्हॅक्स यांचा उपचारही वेगळा आणि प्रसाराचं वेळापत्रकही वेगळं.

वजन काट्यावरच करा. वयावरून अंदाजाने दिलेला डोस कुपोषित मुलाला जास्त आणि धष्टपुष्ट मुलाला कमी पडतो. कमी डोसचा तोटा दुहेरी असतो: मूल पूर्ण बरं होत नाही, आणि उरलेल्या जंतूंपासून डासात जाणारी रूपं तयार होत राहतात.

फॅल्सिपेरम: तीन दिवस कशासाठी

साध्या फॅल्सिपेरमसाठी आर्टेमिसिनिनवर्गातलं औषध आणि त्याला एक जोडीदार असं संयुक्त औषध (एसीटी) देतात. जंतूचं एक चक्र ४८ तासांचं. आर्टेमिसिनिन दर चक्रात जंतूंची संख्या साधारण दहा हजार पटींनी खाली आणतं, पण ते शरीरातून काही तासांत निघून जातं. तीन दिवसांत दोन चक्रं सापडतात. तरीही काही जंतू मागे राहतात, आणि त्यांचा निकाल दीर्घकाळ टिकणारं जोडीदार औषध लावतं. दुसऱ्या दिवशी ताप गेला म्हणून औषध थांबवलं, तर नेमके हेच उरलेले जंतू वाचतात.

सर्वांत जास्त वापरात असलेली जोडी म्हणजे आर्टेमेथर-ल्युमेफँट्रीन. गोळी २०/१२० मिलिग्रॅमची. एका वेळचा डोस असा:

५ ते १५ किलोच्या आत: १ गोळी
१५ ते २५ किलोच्या आत: २ गोळ्या
२५ ते ३५ किलोच्या आत: ३ गोळ्या
३५ किलो आणि पुढे: ४ गोळ्या

एकूण सहा डोस. पहिला लगेच, दुसरा त्यानंतर ८ तासांनी, पुढचे चार दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळ-संध्याकाळ. गडबड नेहमी दुसऱ्या डोसला होते. संध्याकाळी पाचला पहिली गोळी दिली, तर दुसरी रात्री एकला येते, आणि घरचे म्हणतात, "झोपलंय, सकाळी देऊ." म्हणून पहिला डोस देतानाच दुसऱ्याची वेळ घड्याळाच्या काट्यांसह पाकिटावर लिहून द्या आणि मुलाला उठवून द्यायला सांगा.

ल्युमेफँट्रीन स्निग्ध पदार्थाशिवाय नीट शोषलं जात नाही. निरोगी प्रौढांमध्ये भरपूर स्निग्ध जेवणासोबत त्याचं शोषण उपाशीपोटीच्या तुलनेत सुमारे १६ पट झालेलं आढळलं आहे. आजारी मूल जेवत नाही ही खरी अडचण, पण पूर्ण जेवणाची गरजही नसते. थोडं दूध किंवा अंगावरचं दूध पुरतं. पाण्याबरोबर उपाशीपोटी दिलेले सहा डोस कागदावर पूर्ण दिसतात, रक्तात मात्र अर्धवट राहतात. ‘औषधाला दाद दिली नाही’ अशा केसमध्ये आधी हेच विचारा.

लहानांसाठी विरघळणारी गोळी मिळाली तर उत्तम. ती चमचाभर-दोन चमचे स्वच्छ पाण्यात टाका, विरघळली की पाजा. मग भांड्यात पुन्हा थोडं पाणी फिरवून तेही पाजा, कारण तळाशी चिकटलेला थर हाही डोसचाच भाग आहे. साधी गोळी असेल तर दोन चमच्यांमध्ये चुरून तसंच करा. पहिला डोस आपल्यासमोर द्या आणि मुलाला तासभर बसवून ठेवा. तासाच्या आत उलटी झाली तर पूर्ण डोस पुन्हा. घरी नेण्याच्या पाकिटात म्हणूनच एक जादा डोस असलेला बरा. सगळंच उलटून टाकणारं मूल तोंडी उपचाराचं राहत नाही. त्याला गंभीर धरा.

५ किलोखालच्या बाळांना आजवर ५ किलोच्या मुलाच्या मिलिग्रॅम-प्रति-किलो हिशेबानेच एसीटी दिलं जात आलं आहे. २ ते ५ किलोच्या बाळांसाठी खास बनवलेल्या आर्टेमेथर-ल्युमेफँट्रीनला स्वित्झर्लंडच्या औषध नियंत्रकाने २०२५ मध्ये मंजुरी दिली.

दुसरी जोडी डायहायड्रोआर्टेमिसिनिन-पिपेराक्वीन. दिवसातून एकदा, तीन दिवस. २५ किलोखालच्या मुलांत पिपेराक्वीनची रक्तातली पातळी कमी पडते असं दिसल्याने त्यांचा डोस २०१५ मध्ये वाढवला गेला: दररोज प्रतिकिलो सुमारे ४ मिलिग्रॅम डायहायड्रोआर्टेमिसिनिन आणि २४ मिलिग्रॅम पिपेराक्वीन. जुना तक्ता भिंतीवर असेल तर काढून टाका. हे औषध तेला-तुपाच्या जेवणासोबत द्यायचं नाही, म्हणजे आधीच्याच्या बरोबर उलट.

क्षयरोगासाठी रिफॅम्पिसिन किंवा एचआयव्हीसाठी एफाव्हिरेन्झ चालू असेल तर ल्युमेफँट्रीनची पातळी घसरते. अशा मुलाला पूर्ण डोस देऊनही जास्त काळ नजरेखाली ठेवा. आर्टेसुनेट किंवा आर्टेमेथर एकटं, जोडीदाराशिवाय, तोंडाने कधीच देऊ नका.

डासात काय जातं

आता दुसरं काम. लाल पेशींत वाढणाऱ्या जंतूंपैकी काही वाट बदलतात आणि नर-मादी रूपं घेतात. यांना गॅमेटोसाइट म्हणतात. ताप यांच्यामुळे येत नाही. डासाने रक्त प्यायलं की त्याच्या पोटात यांचं मीलन होतं, आणि साधारण १० ते १४ दिवसांनी तो डास दुसऱ्याला मलेरिया देण्याजोगा होतो.

फॅल्सिपेरमचं गॅमेटोसाइट पक्व व्हायला १० ते १२ दिवस लागतात. या काळात ते पाच टप्प्यांतून जातं आणि पहिले चार टप्पे मुख्यतः अस्थिमज्जेत दडून काढतं. पाचव्या टप्प्यात ते रक्तात उतरतं. काचपट्टीवर चंद्रकोरीसारखं दिसतं ते हेच; पुढे यालाच ‘कोर’ म्हटलं आहे. एसीटी जंतूंच्या मूळ (ताप आणणाऱ्या) रूपांना आणि गॅमेटोसाइटच्या सुरुवातीच्या टप्प्यांना मारतं. पक्व कोरीवर त्याचा फारसा परिणाम होत नाही.

म्हणून प्रसाराच्या बाजूने सर्वांत मोठा फरक औषधाच्या निवडीपेक्षा वेळेने पडतो. ताप आल्यापासून २४ तासांत एसीटी सुरू झालं, तर बहुतेक गॅमेटोसाइट पक्व होण्याआधीच कापले जातात आणि नवे बनण्याचा स्रोतही संपतो. तेच मूल सात-आठ दिवसांनी आलं, तर कोरी रक्तात उतरलेल्या असतात. ताप तीन दिवसांत जाईल, कोरी राहतील. तापाला किती दिवस झाले हा प्रश्न केसपेपरवर ठळक हवा तो यासाठी. उशिरा आलेलं, रक्त कमी असलेलं किंवा आधी अर्धवट औषध घेतलेलं मूल प्रसाराच्या दृष्टीने जास्त जोखमीचं धरा.

डास एका वेळी जेमतेम दोन-तीन मायक्रोलिटर रक्त पितो, आणि त्यात एक नर, एक मादी आली तरी काम होतं. इतकी विरळ संख्या काचपट्टीवर सहसा सापडत नाही. "कोरी दिसल्या नाहीत" याचा अर्थ "नाहीत" असा घेऊ नका.

एसीटींमध्येही डावं-उजवं आहे. आर्टेमेथर-ल्युमेफँट्रीननंतर गॅमेटोसाइट दिसण्याचं प्रमाण डायहायड्रोआर्टेमिसिनिन-पिपेराक्वीननंतरच्या मानाने कमी असतं. पिपेराक्वीन मात्र नव्या संसर्गापासून जास्त आठवडे संरक्षण देतं.

प्रायमाक्वीनचा एकच छोटा डोस

पक्व कोरींवर चालणारं, सहज उपलब्ध औषध म्हणजे प्रायमाक्वीन. मलेरियाचा प्रसार कमी असलेल्या भागांत, आणि आर्टेमिसिनिनला जंतू दाद देईनासे झाले आहेत तिथे, फॅल्सिपेरमच्या रुग्णाला एसीटीच्या पहिल्याच दिवशी प्रतिकिलो ०.२५ मिलिग्रॅम एकदाच द्यायचं. पूर्वी हा डोस ०.७५ होता. इतका लागत नाही हे दिसल्यावर २०१२ मध्ये शिफारस खाली आणली गेली. जी-६-पीडी हे लाल पेशींना जपणारं एंझाइम; ते कमी असेल तर प्रायमाक्वीनने पेशी फुटतात. या छोट्या एकट्या डोससाठी मात्र आधी जी-६-पीडी चाचणीची गरज नाही.

कोरी रक्तातून नाहीशा व्हायला काही दिवस लागतात, पण डासाला संसर्ग देण्याची त्यांची ताकद एक-दोन दिवसांतच जाते. तिसऱ्या दिवशी कोर दिसली म्हणून डोस पुन्हा देऊ नका.

वजनाचे गट ढोबळ आहेत: १० ते २५ किलोच्या आत ३.७५ मिलिग्रॅम, २५ ते ५० किलोच्या आत ७.५, त्यापुढे १५. म्हणजे ७.५ ची गोळी अर्धी, अख्खी, दोन. १० किलोखाली किंवा फक्त १५ ची गोळी हातात असताना हा मार्ग चालतो: १५ मिलिग्रॅमची गोळी बारीक चुरून १५ मिलिलिटर पाण्यात नीट ढवळा, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम. ८ किलोच्या मुलाला २ मिलिलिटर, १२ किलोच्याला ३. चुरा तळाशी बसतो, म्हणून ढवळून लगेच सिरिंजमध्ये ओढा आणि उरलेलं टाकून द्या. चव कडवट असते, त्यामुळे गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडा आणि वर काहीतरी गोड द्या. रिकाम्या पोटी दिलं तर पोटात कळा येतात.

सहा महिन्यांखालच्या बाळाला हा डोस सहसा देत नाहीत. हिमोग्लोबिन फार खाली गेलेल्या किंवा गंभीर मुलाला आधी सावरा.

यात एक गोष्ट पालकांना सरळ सांगावी लागते: या गोळीने त्यांचं मूल लवकर बरं होणार नाही. ती घरातल्या आणि शेजारच्या मुलांसाठी आहे. हे सांगितलं नाही तर "ताप तर गेला, मग ही कडू गोळी कशाला" म्हणून ती टाकली जाते. शक्यतो समोरच द्या.

आणि मुलाला मच्छरदाणीत झोपवा, निदान दोन आठवडे. मच्छरदाणी इथे उलट दिशेने काम करते, डासाला मुलापासून वाचवते.

व्हायव्हॅक्सचं गणित वेगळं

व्हायव्हॅक्सचे गॅमेटोसाइट दोन-तीन दिवसांतच तयार होतात. मूल तापाने फणफणण्याआधीच प्रसार करत असतं, त्यामुळे कितीही लवकर उपचार केला तरी थोडा प्रसार होऊन गेलेला असतो. जमेची बाजू अशी की हे गॅमेटोसाइट क्लोरोक्वीननेही मरतात; वेगळा एकटा डोस लागत नाही.

क्लोरोक्वीन एकूण प्रतिकिलो २५ मिलिग्रॅम बेस (क्षाराचा भाग वगळून निव्वळ औषध): पहिल्या दिवशी १०, दुसऱ्या दिवशी १०, तिसऱ्या दिवशी ५. १२ किलोच्या मुलाला १२०, १२०, ६० मिलिग्रॅम. वेष्टनावर २५० मिलिग्रॅम फॉस्फेट लिहिलेलं असतं तेव्हा बेस साधारण १५० च असतो, हे पाहूनच मोजा. लहान मुलात क्लोरोक्वीनचा जास्तीचा डोस हृदयावर जातो आणि जीवावर बेततो. उरलेल्या गोळ्या मुलाच्या हाताला लागू देऊ नका. क्लोरोक्वीन निकामी झालेल्या भागात व्हायव्हॅक्सलाही एसीटीच द्यायचं.

खरी मेख यकृतात आहे. तिथे सुप्त जंतू राहतात आणि आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा उठतात, आणि दर उठण्याबरोबर प्रसाराची नवी फेरी सुरू होते. त्यांच्यासाठी समूळ उपचार हवा: प्रायमाक्वीन प्रतिकिलो ०.२५ मिलिग्रॅम रोज १४ दिवस, किंवा ०.५ मिलिग्रॅम रोज ७ दिवस. इथे जी-६-पीडी चाचणी आधी करायचीच. हे एंझाइम कमी असण्याच्या विकाराचं जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने मुलग्यांत तो जास्त ठळक दिसतो. विकार असेल तर आठवड्यातून एकदा ०.७५ मिलिग्रॅम प्रतिकिलो, आठ आठवडे, तेही डॉक्टरच्या देखरेखीत. लघवी चहासारखी काळपट झाली, मूल पांढरंफटक पडलं किंवा धापा टाकू लागलं, तर गोळी थांबवून तडक दवाखाना, हे पहिल्याच दिवशी पालकांकडून वदवून घ्या. सहा महिन्यांखाली प्रायमाक्वीन नाही.

हा कोर्स अर्धवट सुटतो तो चौथ्या-पाचव्या दिवसाच्या सुमारास, कारण तोवर मूल ठणठणीत असतं. जिथे सात दिवसांचा कोर्स मान्य आहे तिथे तोच निवडावा.

मूल गंभीर आहे का, हे आधी ठरवा

पिऊ शकत नाही, सगळं उलटतं, झटके आले, गुंगीत आहे किंवा बसवत नाही, श्वास खोल आणि जोरात चालतो, तळवे पांढरे पडलेत: यांतलं काहीही असेल तर तोंडी औषधाच्या नादी लागू नका. आर्टेसुनेटचं इंजेक्शन द्या, शिरेतून किंवा स्नायूत. २० किलोखाली प्रतिकिलो ३ मिलिग्रॅम, त्यावर २.४, सुरुवातीला, १२ तासांनी, २४ तासांनी, मग रोज एकदा. किमान तीन डोस द्यायचेच. आफ्रिकी मुलांवरच्या २०१० च्या मोठ्या चाचणीत क्विनाइनऐवजी आर्टेसुनेट दिल्याने मृत्यू २२.५ टक्क्यांनी कमी झाले होते. क्विनाइन आता आर्टेसुनेट नसेल तेव्हाच.

६० मिलिग्रॅमची कुपी आधी सोबतच्या १ मिलिलिटर सोडियम बायकार्बोनेटमध्ये विरघळवा आणि द्रव स्वच्छ होईपर्यंत हलवा. शिरेतून द्यायचं तर त्यात ५ मिलिलिटर सलाइन (१ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम), स्नायूत द्यायचं तर २ मिलिलिटर (१ मिलिलिटरमध्ये २०). १२ किलोच्या मुलाला ३६ मिलिग्रॅम, म्हणजे शिरेतून ३.६ किंवा स्नायूत १.८ मिलिलिटर. तयार केलेलं तासाभरात वापरा. रक्तातली साखर लगेच तपासा. कमी असेल तर १० टक्के डेक्स्ट्रोज प्रतिकिलो ५ मिलिलिटर. सलाइनचा भरधाव मारा करू नका.

रुग्णालय दूर असेल आणि इंजेक्शनची सोय नसेल, तर सहा वर्षांखालच्या मुलाला गुदद्वारातून आर्टेसुनेट, प्रतिकिलो १० मिलिग्रॅम, एकदाच, आणि लगेच गाडीत. त्याने मूल शुद्धीवर येतं आणि लोक अर्ध्या वाटेवरून परततात. हा उपचार नाही, फक्त वेळ विकत घेणं आहे.

इंजेक्शननंतर मूल खाऊ-पिऊ लागलं की एसीटीचा पूर्ण तीन दिवसांचा कोर्स द्यावाच लागतो. तो राहिला की दोन-तीन आठवड्यांत मलेरिया परततो. इंजेक्शननंतर एक ते चार आठवड्यांत रक्तपेशी फुटून हिमोग्लोबिन उतरू शकतं. त्या काळात ते तपासत राहा.

औषध लागू पडलं का

तिसऱ्या दिवशी ताप किंवा जंतू कायम असतील तर काचपट्टी पुन्हा घ्या. २८ दिवसांच्या आत फॅल्सिपेरम परत आला तर दुसरं एसीटी द्या.

दोन गोष्टींना अपयश समजू नका. एक, आरडीटी पॉझिटिव्ह राहणं. दुसरी, उपचारानंतर काचपट्टीवर फक्त कोरी दिसणं. प्रयोगशाळेचा अहवाल "फॅल्सिपेरम पॉझिटिव्ह" एवढाच येतो, आणि मुलाला एसीटीचा दुसरा कोर्स विनाकारण मिळतो, जो त्या कोरींना मारतही नाही. अहवालात मूळ रूपं आणि गॅमेटोसाइट वेगळे लिहायला सांगा.

ताप नसलेली मुलं

प्रसार जिथे कमी आहे तिथे बहुतेक संसर्गांत ताप येतो, म्हणून प्रत्येक तापाचा लवकर, पूर्ण उपचार केला तर साथ खरोखर आटोक्यात येते. जिथे मलेरिया बारमाही आणि दाट आहे तिथे तसं होत नाही. पाच वर्षांखालची मुलं आजारी पडतात आणि मरतात. २०२३ मध्ये आफ्रिका विभागातल्या मलेरियाच्या मृत्यूंपैकी सुमारे ७६ टक्के याच वयातले होते. पण ५ ते १५ वर्षांच्या मुलांत अर्धवट प्रतिकारशक्ती आलेली असते. जंतू अंगात, गॅमेटोसाइट रक्तात आणि मूल शाळेत. ताप नाही म्हणून चाचणी नाही, चाचणी नाही म्हणून औषध नाही. युगांडात डास प्रत्यक्ष रक्तावर पोसून केलेल्या अभ्यासात संसर्गित डासांपैकी निम्म्याहून अधिक या वयोगटाकडून आले होते. ताप येऊन उपचार मिळालेल्यांचा वाटा एक टक्क्याहूनही कमी होता.

म्हणून रुग्ण सापडला की घरातल्या मोठ्या भावंडांचीही चाचणी करा, ताप असो वा नसो, आणि पॉझिटिव्ह निघाल्यास पूर्ण डोस द्या. आरडीटी विरळ संसर्ग चुकवते, त्यामुळे या शोधातून सगळे सापडणार नाहीत.

पावसाळ्यापुरता मलेरिया वाढतो अशा भागांत लहान मुलांना सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन आणि अमोडियाक्वीन महिन्याच्या अंतराने दिलं जातं: पहिल्या दिवशी दोन्ही, पुढचे दोन दिवस फक्त अमोडियाक्वीन. याने त्या मुलांचे आजार बरेच कमी होतात, पण पाच वर्षांवरची मुलं बाहेर राहिली तर गावातला प्रसार फारसा हलत नाही. फेरीच्या दिवशी ताप असलेल्या मुलाला ही औषधं न देता आधी चाचणी करा, आणि पॉझिटिव्ह असेल तर एसीटी द्या. को-ट्रायमोक्साझोल रोज घेणाऱ्या मुलाला सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन नको. शाळकरी मुलांनाही ठरावीक अंतराने औषध देण्याची शिफारस २०२२ पासून आहे. तिथे गोळी वर्गातच, शिक्षकांसमोर गिळलेली बघावी.